फ्रेंच क्लास + फ्रान्समध्ये इंटर्नशिपच्या नावाखाली फसवणूक, जळगावचा अनुभव, पैसे भरण्याआधी वाचा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडं ज्यांची पोरं फूड टेक, बायोटेक नाहीतर इंजिनीअरिंगला आहेत त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. स्कीम अशी की सहा महिने फ्रान्समध्ये राहायचं, सकाळी फ्रेंचचा क्लास, दुपारी कंपनीत इंटर्नशिप, शेवटी दोन सर्टिफिकेट आणि वरून "तिथंच जॉब लागून जातो". माझ्या लहान बहिणीसाठी आमच्या घरातून या लोकांनी तीन लाख ऐंशी हजार नेले. कन्सल्टन्सीचं नाव टाकत नाही, तक्रार चालू आहे.

भाषेचा क्लास आणि सोबत इंटर्नशिप असा प्रकार फ्रान्समध्ये खरंच असतो, तिथल्या काही भाषाशाळा रीतसर तसं करून देतात, त्यामुळेच माणूस फसतो. बहीण चोपड्याहून जळगावला शिकायला, फूड टेकला, तिला केळीच्या प्रोसेसिंगमध्येच काम करायचं होतं आणि हे त्या माणसाने पहिल्याच भेटीत काढून घेतलं. पुढच्या वेळी तो आमच्या घरी आला, आप्पांशी, म्हणजे वडिलांशी, अहिराणीत बोलला, "आप्पा, तुमनी पोर ती मनी पोर", आणि फ्रान्सच्या डंकर्क बंदरातल्या केळी पिकवणाऱ्या (राइपनिंग) कंपनीत जागा आहे म्हणाला. आता मार्टिनिक, ग्वादलूप या फ्रान्सच्या कॅरिबियन बेटांवरची केळी बोटीने डंकर्कला उतरते हे खरं आहे, आम्ही नेटवर बघितलं, ते खरं निघालं म्हणून बाकीचंही सगळं खरं वाटलं. पिलबागेचे (केळीच्या दुसऱ्या बहराचे) पैसे नुकतेच आले होते ते दिले, कमी पडले तेव्हा आईची पोत गहाण ठेवली.

पैसे एकदम नाही मागितले. आधी क्लासची फी, मग "कंपनी डिपॉझिट", मग "अॅग्रीमेंट चार्ज", मग एम्बसी फी म्हणून अडतीस हजार, अर्धे रोख आणि अर्धे कुणाच्या तरी पर्सनल यूपीआयवर. पावती मागितली की "फायनल बिल एकत्रच देतो". तीन महिन्यांपेक्षा कमी राहायच्या शेंगेन (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या) व्हिसाची फी ९० युरो आहे आणि लाँग स्टे व्हिसाची साधारण ९९ युरो, म्हणजे नऊ-दहा हजार रुपये, व्हिसा सेंटरचा चार्ज धरला तरी अडतीस हजार कुठून झाले याचं उत्तर आजपर्यंत मिळालेलं नाही.

पकडलं गेलं ते इंटर्नशिपच्या कागदावरून. फ्रान्समध्ये विद्यार्थ्याला इंटर्नशिप करायची तर कोंव्हान्स्यों द स्ताज नावाचा करार लागतोच, आणि त्यावर कंपनी, विद्यार्थी आणि तो जिथं शिकतो ती संस्था अशा तिघांच्या सह्या लागतात. बहिणीला जो कागद दिला त्यावर कंपनीचा शिक्का होता, तिची सही होती आणि तिसऱ्या जागी कन्सल्टन्सीवाल्याची सही. कॉलेजचं नावच नाही! ती प्लेसमेंटच्या सरांकडे गेली तर सर म्हणाले आम्हाला तर कुणी फोनही केला नाही. मग तिने कंपनीच्या वेबसाइटवरून पत्ता घेऊन सरळ मेल टाकला, कारण त्या कागदावर जीमेलचा आयडी होता, आणि कंपनीने कळवलं की असं पत्र आम्ही दिलेलंच नाही.

दुसरं म्हणजे पैसे उलट्या दिशेने वाहत होते. तिथला नियम असा आहे की एकाच ठिकाणी दोन महिन्यांच्या वर इंटर्नशिप असेल तर कंपनीनेच विद्यार्थ्याला पैसे द्यायचे, २०२५ ला तो दर ताशी कमीत कमी ४.३५ युरो होता, फुल टाइम धरला तर महिन्याला साडेसहाशे युरोच्या आसपास. आणि इथं कंपनी आमच्याकडून डिपॉझिट घेते म्हणे!

व्हिसाचं तर त्याहून भयंकर. "आता टुरिस्टवर जाऊ दे, तिथं गेल्यावर कन्व्हर्ट करून देतो" असं म्हणाला. इंटर्नशिपसाठी भारतातून जातानाच स्टाजियेर व्हिसा (इंटर्नचा व्हिसा) काढावा लागतो आणि त्याआधी त्या कराराला फ्रान्सच्या प्रशासनाची मंजुरी लागते. टुरिस्ट व्हिसावर कंपनीत काम करताना सापडली असती तर एकटी पोरगी परक्या देशात काय करणार होती, हे आठवलं की मला अजून झोप लागत नाही.

क्लासचंही सांगतो. ऑनलाइन शिकवलं, मग "बी१ लेव्हल पास" (ए१ ही सगळ्यात खालची पायरी, बी१ त्याच्या दोन पायऱ्या वर) असं स्वतःच्याच लेटरहेडवर सर्टिफिकेट दिलं. जगभर चालतं ते डेल्फ नावाचं फ्रेंचचं सर्टिफिकेट, ते फ्रान्सच्या शिक्षण खात्याचं असतं, एकदा पास झालं की आयुष्यभर व्हॅलिड, आणि त्याची परीक्षा पुणे, मुंबईच्या आलियाँस फ्राँसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत होते. बहिणीने नंतर तिथं विचारलं तर ती जेमतेम ए१ पर्यंत आली होती. तिकडची भाषाशाळा खरी आहे का बघायचं तर २००७ पासून 'कालिते एफएलई' म्हणून सरकारी लेबल आहे, त्या शाळांची यादी ऑनलाइन बघता येते, यांनी सांगितलेली शाळा त्यात कुठंच नव्हती. आणि लाँग स्टेवर शिकायला जायचं तर कॅम्पस फ्रान्स या फ्रान्सच्या सरकारी संस्थेमार्फत अर्ज असतो, त्याचं नावही यांनी कधी घेतलं नाही.

पैसे परत मागितले तर "तुमच्या पोरीनेच कॅन्सल केलं, रिफंड नाही". आता ऑफिसला कुलूप आहे. आम्ही पोलिसांत अर्ज दिलाय, यूपीआयचे स्क्रीनशॉट जोडलेत. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम अडवली जायची शक्यता जास्त, आम्हाला हे उशिरा कळलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

भुसावळ, पारोळा, शिरपूरकडच्या अजून दोन-तीन घरांचे पैसे याच माणसाकडे अडकलेत असं कळतंय. तुमच्यापैकी कुणाचे असतील तर व्हॉट्सअॅप चॅट डिलीट करू नका, त्याने पाठवलेल्या व्हॉइस नोट सेव्ह करा, रोख दिले असतील तर तेव्हा सोबत कोण होतं ते तारखेसकट लिहून ठेवा आणि आपापल्या पोलीस स्टेशनला स्वतःच्या नावाने अर्ज द्या, आमच्या एकट्याच्या अर्जावर तो "घरगुती व्यवहार होता" म्हणतोय.