जळगावच्या डार्करूममधील व्यक्तिचित्रे: एका संग्राहकाचा अभिप्राय

डार्करूममध्ये हाताने छापलेल्या, माणसांच्या छायाचित्रांच्या प्रती जळगावात विकत मिळतात, असे पुण्या-मुंबईच्या संग्राहकांना सांगितले की त्यांचा आधी विश्वास बसत नाही आणि मग ते किंमत विचारतात. किमतीकडे येतोच, पण आधी मत सांगून टाकतो. जुन्या गावातल्या एका घरात चालणाऱ्या या डार्करूममधून मी गेली काही वर्षे प्रती घेत आहे. कागद, धुलाई आणि टिकाऊपणा या बाबतींत तेथील काम मोठ्या शहरांतील चांगल्या कामाच्या शेजारी ठेवता येईल असे आहे. नोंदी आणि पॅकिंग यांच्या बाबतीत मात्र ते ढिसाळ आहे. उणिवाही लिहायच्या असल्यामुळे डार्करूमचे आणि ती चालवणाऱ्या दांपत्याचे नाव देत नाही.

येथे तीन प्रकारच्या प्रती मिळतात आणि त्या वर्षभर सरसकट मिळत नाहीत, हे प्रथम लक्षात घ्यावे. जिलेटिन लेपाच्या चांदीच्या प्रती (जिलेटिनच्या थरातील चांदीने चित्र उमटते त्या) हिवाळ्यात होतात, मिठाच्या कागदावरील प्रती उन्हाळ्यात आणि पॅलेडियम या प्लॅटिनमसारख्या धातूच्या प्रती पावसाळ्यात. मला सुरुवातीला ही कलाकाराची लहर वाटली होती, पण त्यामागे खान्देशाचे हवामान आहे. चांदीच्या प्रतीसाठी डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारे द्रावण, साधारण २० अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो; त्याहून फार गरम द्रावणात जिलेटिन फुगते, मऊ पडते आणि चिमट्याच्या नुसत्या स्पर्शानेही ओरखडते. "भाऊ, मे महिन्यात टाकीचं पाणीच चहासारखं येतं, त्यात कागद कसा बुडवायचा?" असे मालकांनी मला ऐकवले, आणि पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या गावात या प्रश्नाला उत्तर नाही. बर्फ टाकून काम भागवणारे छायाचित्रकार मी पाहिले आहेत. येथे तसे करत नाहीत, याचेच मला समाधान वाटते.

चांदीच्या प्रतींपैकी माझ्या संग्रहातील सर्वांत आवडती प्रत सारंगखेड्याच्या यात्रेतील एका घोडे-व्यापाऱ्याची आहे. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी भरणाऱ्या त्या बाजारात दुपारच्या तिरप्या उन्हात घेतलेले हे छायाचित्र १० गुणिले १२ इंचांच्या बराइटा कागदावर (बेरियम सल्फेटचा पांढरा थर दिलेल्या जाड कागदावर) उतरवले आहे. पांढऱ्या फेट्याची प्रत्येक घडी वेगळी दिसते, आणि त्याच वेळी काळ्या घोंगडीच्या सावलीतला लोकरीचा खरखरीतपणाही हरवलेला नाही. एकाच निगेटिव्हमधून हे दोन्ही मिळवायचे तर एन्लार्जरखाली (निगेटिव्हचे चित्र मोठे करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) चेहऱ्याला ठरावीक वेळ, फेट्याला त्याहून जास्त आणि घोंगडीला कमी असा प्रकाश हाताच्या सावलीने वाटून द्यावा लागतो. त्यामुळे एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या निघत नाहीत. मी मालकांकडे तीन प्रती शेजारी मांडून पाहिल्या आणि ज्या प्रतीत डाव्या डोळ्याखालची सुरकुती किंचित उजळ होती ती घेतली. खरेदी करताना हा हक्क प्रत्येकाने बजावावा; येथे त्याला कोणी नाक मुरडत नाही.

टिकाऊपणाची परीक्षा मात्र डोळ्यांनी होत नाही. फिक्सरमधला, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या द्रावणातला, हायपो हा क्षार कागदाच्या तंतूंत राहून गेला तर प्रत काही वर्षांत पिवळी पडते आणि तिच्यावर तपकिरी डाग उमटतात. बराइटाचा कागद जाड असल्याने त्याला भरपूर धुवावे लागते, आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात तासभर वाहते पाणी सोडणे शक्य नाही. यावर येथे सोडियम सल्फाइटच्या द्रावणातून प्रत काढून मग ट्रेमधले पाणी पुन्हा पुन्हा बदलण्याची पद्धत वापरतात. मी संशय घेतला तेव्हा मालकीणबाईंनी न बोलता त्याच धुलाईतून निघालेल्या पट्टीच्या कोपऱ्यावर सिल्व्हर नायट्रेटच्या चाचणी-द्रावणाचा एक थेंब सोडला. हायपो उरला असता तर तेथे गडद तपकिरी डाग आला असता; आला तो जेमतेम सायीच्या रंगाचा. यानंतर प्रतीला सेलेनियमचे टोनिंग दिले जाते, म्हणजे ती त्या द्रावणात बुडवून तिची छटा बदलतात; त्याने सावल्या गहिऱ्या होतात आणि चांदीला संरक्षणही मिळते.

मिठाच्या कागदाची पद्धत हेन्री फॉक्स टॅल्बट यांच्या १८३० च्या दशकातील प्रयोगांपासूनची आहे. साध्या कागदाला मिठाचे पाणी, त्यावर सिल्व्हर नायट्रेट, वर निगेटिव्ह आणि मग ऊन. ऊन ही खान्देशात फुकट आणि मुबलक मिळणारी वस्तू असल्यामुळे वैशाखात प्रत झपाट्याने उतरते. विटकरी रंगाची ही प्रत सोन्याच्या क्षारात टोन केली की जांभळट तपकिरी होते आणि अधिक टिकते. सराफ बाजारासाठी नावाजलेल्या जळगावात छायाचित्रालाही सोने चढावे, हे मला फार आवडते. तरीही स्पष्ट सांगायचे तर या प्रती मला थोड्या मऊ, म्हणजे उजेड-सावलीचा फरक कमी असलेल्या, वाटतात. लहान मुलांच्या चेहऱ्यांना त्या शोभतात, पण केळीच्या बागेत राबलेल्या रावेरच्या मजुराचा चेहरा त्यांत अकारण गोड होतो.

पॅलेडियमची गोष्ट वेगळी आहे. प्लॅटिनमच्या छपाईचे पेटंट विल्यम विलिस यांनी १८७३ मध्ये घेतले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात प्लॅटिनम महागल्यावर पॅलेडियमचा वापर वाढला. या प्रकारात जिलेटिनचा थर नसतो. ब्रशने लावलेले द्रावण सुती कागदाच्या तंतूंतच मुरते, त्यामुळे चकाकी अजिबात नसते आणि करड्या रंगाच्या छटा फार लांबवर पसरतात. या कागदाला थोडा दमटपणा लागतो. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत सावल्या रवाळ आणि फिक्या येतात, म्हणून हे काम आषाढ-श्रावणावर सोडलेले आहे. निगेटिव्ह प्रतीच्याच मापाचे लागत असल्याने ते संगणकावर तयार करून पारदर्शक फिल्मवर छापतात. काही संग्राहक एवढ्यावरून ही प्रत 'हाताची' मानत नाहीत. मला हा सोवळेपणा पटत नाही, कारण लेप देणे, प्रकाश देणे आणि द्रावणातले लोहाचे क्षार धुऊन काढणे हे सारे हातानेच होते आणि चूक झाली तर महागडा कागद वाया जातो. या प्रतीची किंमत चांदीच्या प्रतीच्या जवळपास तिप्पट आहे, आणि माझ्या मते ती रास्त आहे.

आता तक्रारी. प्रतीच्या मागे पेन्सिलीने नाव आणि वर्ष असते, पण एकूण किती प्रती काढणार हा आकडा नसतो. "मागणी आली तर काढू" हे उत्तर घोंगडी विकणाऱ्याला चालेल, मर्यादित प्रतींची किंमत घेणाऱ्याला चालणार नाही. मी आग्रह धरल्यावर आकडा, कागद आणि टोनिंग यांची नोंद मिळाली. न मागणाऱ्याला ती मिळत नाही. दुसरे म्हणजे कुरिअरने मागवलेली बराइटाची प्रत नळीत गुंडाळून आली आणि एका कोपऱ्यात लेपाला बारीक तडा गेला. बदलून मिळाली, वादही झाला नाही. पण अशी प्रत दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये सपाटच पाठवली पाहिजे. शक्य असेल त्यांनी स्वतः जाऊन आणावी.

फ्रेम येथून घेऊ नये आणि गल्लीतल्या फ्रेमवाल्याकडून तर नकोच, कारण तो काच थेट प्रतीला टेकवतो आणि मागे साधा पुठ्ठा लावतो. पावसाळ्यात जिलेटिन काचेला चिकटते आणि पुठ्ठ्यातले आम्ल कागदात उतरते. आम्लविरहित माउंट पुण्या-मुंबईहून मागवावा लागला तरी मागवावा. आपल्याकडे दिवाळीपूर्वी घराला ऑइल पेंट देतात. त्या ताज्या रंगाच्या वाफा चांदीच्या प्रतीला बाधतात, म्हणून खोलीचा वास पूर्ण जाईपर्यंत प्रती दुसरीकडे ठेवाव्यात. कसरीवर लक्ष ठेवावे हे वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट या डार्करूमच्या बाजूने आवर्जून नोंदवतो. ज्याचे चित्र काढले त्याला एक छोटी प्रत पोचवल्याशिवाय ते चित्र विक्रीला ठेवत नाहीत. सातपुड्यात होळीपूर्वी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारात टिपलेल्या, पावरा जमातीतील एका आजीबाईंचे चित्र मला हवे होते. प्रत धडगावकडे पोचलेली नाही, असे सांगून मला पुढच्या होळीपर्यंत थांबवण्यात आले.

चांदीच्या कामाचा वकूब पारखायला नजर तयार हवी. त्यासाठी खरेदीपूर्वी चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांच्या घरातील कलादालनात अर्धा दिवस काढावा. तेथील छायाचित्रांत काळ्या रंगाचा गहिरेपणा पाहून घेतला की जळगावातल्या प्रतीपुढे कोणते प्रश्न विचारायचे ते आपोआप सुचते. मागणी चांदीसाठी कार्तिकात, मिठाच्या प्रतीसाठी होळीच्या आधी आणि पॅलेडियमसाठी मृग लागताच नोंदवावी. निम्मी रक्कम आगाऊ घेतात, आणि पावती मागितली तर देतात.