पाणी आणि स्पिन, दोन्ही तक्रारी एकाच पुर्जाच्या : सिंहगड रस्त्यावरील एका दुरुस्ती दुकानाचा अनुभव

आमचे साडेसहा किलोचे टॉप लोड, फुली ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन सात वर्षांचे आहे. गेल्या दिवाळीच्या आधी त्याने दोन तक्रारी एकदमच सुरू केल्या. धुणे संपले तरी टबाच्या तळाशी चार बोटे पाणी उरे, आणि स्पिनच्या वेळी टब घासल्यासारखा आवाज करीत जेमतेम फिरे. कपडे बाहेर काढले की ड्राय बाल्कनीत पाण्याचा ओघळ लागे, आणि जाड चादरी तर आईला आणि मला दोघींनी दोन टोकांना धरून पिळाव्या लागत.

कंपनीच्या अधिकृत सेवेकडून आलेल्या तंत्रज्ञाने झाकण उघडले, एक बटण दाबून पाहिले आणि मागची पत्रीही न काढता बोर्ड, म्हणजे मशीनच्या प्रत्येक भागाला आदेश देणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेल्याचे सांगितले. नव्या बोर्डाचे ५,८०० रुपये होतील, त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीन मशीन घेतलेले बरे, असाही सल्ला त्याने दिला. बोर्ड खराब होऊ शकतो हे मला मान्य आहे, पण कोणतीही मोजणी न करता काढलेला निष्कर्ष मान्य करणे मला जमेना. म्हणून सोसायटीसमोरच्या छोट्या दुरुस्ती दुकानात मी गेले. त्या दुकानातील कारागिरांनी दोषाचा शोध ज्या क्रमाने घेतला, तो क्रम मला सविस्तर नोंदवून ठेवावासा वाटतो.

घरी आल्यावर हत्यारांची पिशवी उघडण्याआधी त्यांनी दोन प्रश्न विचारले. "ताई, पाणी उशिरा जातं की अजिबात जात नाही? आणि स्पिनला पूर्ण टब फिरायला बघतो की नुसती खालची चकती?" पाणी जाते पण फार हळू, आणि टब फिरायला पाहतो पण अडखळतो, असे मी सांगितल्यावर त्यांनी सगळे कपडे बाहेर काढायला लावले आणि रिकाम्या मशीनवर फक्त स्पिन लावला. कपडे एका बाजूला गोळा झाले तरीही मशीन स्पिन घेत नाही, कधी कधी तोल सावरण्यासाठी पुन्हा पाणीही भरून घेते. त्यामुळे रिकाम्या टबाची ही चाचणी आधी करायची असते. रिकामा टबही तसाच अडखळला, म्हणजे प्रश्न कपड्यांचा नव्हता.

त्यानंतर त्यांनी ड्रेन पाइप पाहिला. आमच्यासारख्या बहुतेक टॉप लोड मशीनमध्ये पाणी उपसणारा पंप नसतो, पाणी केवळ उतारानेच बाहेर पडते. त्यामुळे पाइप जमिनीलगत असावा लागतो, वाटेत तो कुठे उंचावला किंवा दुमडला तर पाणी रेंगाळते. आमच्या पाइपचे टोक जाळीतून खाली खूप आत सरकलेले होते. ते त्यांनी वर ओढून घेतले, पण त्याने फरक थोडाच पडला. झाकण बंद असल्याचे स्विचला कळले नाही तरी मशीन स्पिन घेत नाही; पण झाकणाच्या स्विचचा टक् असा आवाज नीट येत होता, त्यामुळे तीही शंका मिटली.

आता मुख्य भाग. मशीन भिंतीला टेकवून कलते केल्यावर त्यांनी स्पिन सुरू असताना ड्रेन मोटरच्या, म्हणजे पाणी सोडण्याची झडप उघडणाऱ्या छोट्या मोटरच्या, कनेक्टरवर मल्टिमीटर (वीजदाब मोजायचे यंत्र) लावला. आकडा २२८ व्होल्टवर स्थिर होता. म्हणजे बोर्ड आपला आदेश व्यवस्थित पाठवीत होता आणि ५,८०० रुपयांचा प्रश्न तिथेच निकालात निघाला. त्यांनी प्लग काढला, ड्रेन मोटरची छोटी तार पकडीने पूर्ण ओढून धरली आणि म्हणाले, "आता पाणी बघा." तळाशी साचलेले सगळे पाणी भसाभस बाहेर आले. तार तशीच धरून त्यांनी टब हाताने फिरवायला सांगितला, तर मघाशी अडकलेला टब अलगद फिरला.

एकच मोटर दोन कामे करते, ही गोष्ट मला त्या क्षणी प्रत्यक्ष दिसली. ती तार ओढते तेव्हा ड्रेन व्हॉल्व्ह उघडतो, आणि त्याच ओढीने टब आणि चकती जोडणाऱ्या क्लचचा दांडा सरकून टबावरचा ब्रेक सुटतो. धुण्याच्या वेळी टब ब्रेकने धरलेला असतो आणि फक्त पल्सेटर, म्हणजे खालची चकती, फिरतो. स्पिनला मात्र दोघांनी एकत्र फिरायचे असते. तार अर्धीच ओढली गेली तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो आणि ब्रेकही अर्धवट सुटतो. वरून दोन वेगळ्या वाटणाऱ्या आमच्या तक्रारी याच अर्धवट ओढीतून आल्या होत्या.

त्यांनी जुनी मोटर उघडून दाखवली. आतल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या गिअरचे तीन दाते पार झिजून गुळगुळीत झाले होते. नवी मोटर लगेच बसवून ते मोकळे होऊ शकले असते, पण दाते झिजले का, याचे कारणही त्यांनी शोधले. व्हॉल्व्हचे रबर बाहेर काढल्यावर त्याच्या कडेला क्षार आणि साबणाचा करड्या रंगाचा घट्ट थर बसलेला होता, आणि त्यात ब्लाऊजचा एक हुक व एक वाकलेली सेफ्टी पिन रुतलेली होती. आमच्याकडे वर्षातले काही महिने टँकरचे आणि बोअरचे जड पाणी असते, त्याचा हा परिणाम. रबर ताठ झाल्यामुळे मोटरला दर वेळी जास्त ताकद लावावी लागत होती. ते स्वच्छ न करता नवी मोटर लावली असती, तर तीही लवकरच गेली असती. ही एक गोष्ट मला सगळ्या कामात सर्वांत मोलाची वाटली.

मोटरचे ७०० आणि मजुरीचे ४५० असे एकूण १,१५० रुपये झाले.

फ्रंट लोड मशीनसाठी हे वर्णन जसेच्या तसे लागू होणार नाही. तिथे पाणी पंपाने वर ढकलले जाते आणि पाणी पूर्ण गेल्याची खात्री झाल्याशिवाय मशीन स्पिनच घेत नाही. त्यामुळे सुरुवात खालच्या कोपऱ्यातल्या पंपाच्या फिल्टरपासून करावी. माझ्या बहिणीकडे त्यात पाच रुपयांचे नाणे निघाले होते.

दुकानाच्या उणिवाही सांगायला हव्यात. ठरलेल्या वेळेपेक्षा कारागीर दोन तास उशिरा आले आणि त्यांनी तसे कळवलेही नाही. मोटरची तीन महिन्यांची हमी तोंडीच दिली; मी आग्रह धरला तेव्हा दुकानाच्या कार्डामागे तारीख आणि रक्कम लिहून मिळाली. छापील पावती द्यायला त्यांनी सुरुवात करावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

काम होऊन चार महिने झाले. पाणी दोन मिनिटांच्या आत जाते आणि चादरी दोरीवर टाकताना फरशी कोरडी राहते. त्यांना बोलावणार असाल तर मशीनच्या मागच्या स्टिकरवरील मॉडेल क्रमांक फोनवर आधीच सांगा, म्हणजे योग्य मोटर ते सोबत घेऊन येतात आणि दुसरी फेरी पडत नाही. गुरुवारी दुकान बंद असते.