‘ऑपरेशन मिन्समीट’ची ध्वनिमुद्रिका : इंदुरातून ऐकताना

पुण्या-मुंबईचे नाटक इंदूरला आले, की पहिल्या पंधरा मिनिटांत एक गोष्ट हमखास घडते. नट लोकलच्या डब्यावरचा किंवा एखाद्या पेठेवरचा विनोद टाकतो, हशासाठी क्षणभर थांबतो, आणि हशा अर्धा सेकंद उशिरा येतो. आला तरी तो पाहुण्याचा मान राखणारा असतो. इंदुरात मराठी नाटके आणणाऱ्या सानंद या संस्थेच्या राहुल बारपुते नावाच्या प्रेक्षकगटात वर्षानुवर्षे बसून हा अर्धा सेकंद मला चांगलाच ओळखता येऊ लागला आहे. आमच्या प्रेक्षकाला मराठी कमी कळते असे मुळीच नाही. तो डबा त्याने रोज पकडलेला नसतो, एवढेच. उलट एखाद्या पात्राच्या तोंडी ‘मी येऊन राहिलो आहे’ असे वाक्य आले, तर ज्यावर पुण्यात खो खो हसले गेले असेल त्यावर इंदुरात कोणी हसत नाही, कारण निम्मे सभागृह घरी तसेच बोलत असते.

लंडनची विनोदी संगीतिका अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला जाते तेव्हा तिच्या वाट्याला हाच अर्धा सेकंद येत असणार, असे मी धरून चालले होते. ‘ऑपरेशन मिन्समीट’ या संगीतिकेची लंडनच्या नटसंचाने गायलेली, २०२३ सालची ध्वनिमुद्रिका गेले दोन महिने घरी सतत वाजते आहे. तिने माझा हा समज बराचसा मोडला, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिते आहे.

या संगीतिकेचा जन्म २०१९ मध्ये लंडनच्या न्यू डायोरामा या जेमतेम ऐंशी खुर्च्यांच्या नाट्यगृहात झाला. स्पिटलिप नावाच्या चौघांच्या मंडळीने ती लिहिली आणि त्यातले तिघे स्वतः रंगमंचावर उभे राहिले. २०२३ मध्ये ती लंडनच्या मुख्य नाट्यवस्तीतील फॉर्च्युन थिएटरात आली, २०२४ मध्ये तिला उत्कृष्ट नव्या संगीतिकेचे ऑलिव्हिए हे लंडनच्या रंगभूमीचे मानाचे पारितोषिक मिळाले आणि मार्च २०२५ मध्ये लंडनमधलेच पाच नट घेऊन ती ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य नाट्यवस्तीत, उघडली. तिथला मुक्काम एकाहून अधिक वेळा वाढवावा लागला. ब्रॉडवेच्या टोनी पारितोषिकांसाठी तिला चार नामांकने होती. उत्कृष्ट संगीतिकेचा मान दुसऱ्या नाटकाला गेला. साहाय्यक अभिनेत्याचे पारितोषिक मात्र हिच्यातल्या जॅक मलोनने जिंकले.

कथानक युद्धकाळातले आणि खरे आहे. १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांना सिसिलीवर उतरायचे होते आणि जर्मनांची नजर ग्रीस व सार्डिनियाकडे वळवायची होती. त्यासाठी ब्रिटिश हेरखात्याने एका बेवारस मृतदेहाला रॉयल मरीन्सच्या अधिकाऱ्याचा गणवेश चढवला, मेजर विल्यम मार्टिन असे त्याचे नाव ठेवले, सोबत खोट्या पत्रांची बॅग दिली आणि ‘सेराफ’ या पाणबुडीतून नेऊन स्पेनमधील वेल्वाच्या किनाऱ्याजवळ त्याला समुद्रात सोडले. ही युक्ती ज्यांनी पार पाडली त्यांपैकी एक यूएन माँटेग्यू. दुसऱ्याचे आडनाव लिहिताना चॉल्मंडली आणि उच्चारताना चमली. एवढ्या एका आडनावात इंग्रजांच्या उच्चनीचतेचा अर्धा इतिहास भरलेला आहे, आणि परक्या प्रेक्षकाला नेमके तेच समजावून सांगता येत नाही.

पहिले मोठे गाणे ‘बॉर्न टू लीड’ याच उच्चनीचतेवर आहे. महागड्या शाळांतून आलेली मंडळी, राज्य करण्यासाठीच आपला जन्म झाला असे तारस्वरात सांगतात. चाल अशी झोकात, की त्यांच्या बाजूचे नसतानाही आपण ठेका धरतो. न्यू जर्सीत राहणारा माझा भाचा हा प्रयोग ब्रॉडवेवर पाहून आला होता. फोनवर तो म्हणाला, “मावशी, शाळांची नावं कुणाला कळत नव्हती, पण काही न येणारा माणूस वरच्या खुर्चीत कसा बसतो हे सगळ्यांना कळत होतं.” माझ्या मते मुद्दा इथेच आहे. इंग्रजी विनोद विशिष्ट शाळेवर, उपनगरावर किंवा चहाच्या कपावर टेकलेला असला, तर तो लंडनमध्येच राहतो. पण त्याचा रोख नालायक वरिष्ठाकडे असला, तर अमेरिकन माणसाला तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात.

याला जुना पुरावाही आहे. गिल्बर्ट आणि सलिव्हन या इंग्रज लेखक-संगीतकार जोडीची विनोदी संगीतिका ‘एच.एम.एस. पिनाफोर’ लंडनमध्ये मे १८७८ मध्ये आली आणि तिचे ५७१ प्रयोग झाले. तिच्यातला आरमारमंत्री कधी समुद्रावर गेलेलाच नाही. टेबलाला चिकटून राहिल्यामुळेच आपण इतके वर चढलो, असे तो अभिमानाने गातो. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती बॉस्टनला पोचली, तीही मालकांना न विचारता, कारण परदेशी लेखकांच्या हक्कांना तेव्हा अमेरिकेत कायद्याचे संरक्षण नव्हते. पुढे तिथल्या गावोगावच्या कंपन्यांनी ती इतकी लुटली, की पुढची ‘पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ जपण्यासाठी हे दोघे स्वतः न्यूयॉर्कला गेले आणि ३१ डिसेंबर १८७९ रोजी तिचा रीतसर पहिला प्रयोग त्यांनी तिथेच केला. चाचे पळवून नेतील या धास्तीने चाच्यांचेच नाटक परदेशात उघडावे लागले, हा विनोद गिल्बर्टलाही लिहून सुचला नसता. त्यांची ‘आयोलँथी’ तर नोव्हेंबर १८८२ मध्ये लंडन आणि न्यूयॉर्क येथे एकाच दिवशी रंगमंचावर आली. त्याच महिन्यात पुण्यात किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’चा पहिला प्रयोग झाला, हे आठवले की त्या महिन्याविषयी मला उगाचच आपुलकी वाटते.

याच्या उलट उदाहरण ‘सॅलड डेज’चे. एका जादूच्या पियानोमुळे बागेतले सगळे नाचू लागतात, अशी ही १९५४ मधली गोड गोष्ट. लंडनमध्ये तिचे दोन हजारांहून अधिक प्रयोग झाले आणि न्यूयॉर्कमध्ये ती तीन महिनेही टिकली नाही. तिच्यात कोणाची खोड काढलेली नव्हती, कोणाचे काही पणाला लागलेले नव्हते, आणि विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या इंग्रज मुलांचा भोळेपणा हेच तिचे मुख्य भांडवल होते. ‘मी अँड माय गर्ल’ १९३७ मध्ये लंडनला गाजली, पण ब्रॉडवेवर जायला तिला १९८६ उजाडले. एकदा गेल्यावर मात्र तिचे चौदाशेहून अधिक प्रयोग झाले. लंडनच्या गल्लीतल्या पोराला अचानक सरदारकी मिळते, ही गोष्ट अमेरिकेत कोणालाही उलगडून सांगावी लागत नाही. जाता जाता आपल्या रहमानच्या ‘बॉम्बे ड्रीम्स’चेही सांगते. लंडनमध्ये ती दोन वर्षे चालली, न्यूयॉर्कसाठी संहिता तिथल्या लेखकाकडून मुद्दाम दुरुस्त करून घेतली, आणि तरी आठ-नऊ महिन्यांत पडदा पडला. परक्या प्रेक्षकासाठी पाणी घालून पातळ केलेला रस्सा त्यालाही आवडतोच असे नाही.

आता या ध्वनिमुद्रिकेतल्या ज्या गाण्यासाठी मी हे सारे लिहायला बसले, त्याकडे येते. ‘डिअर बिल’. खोट्या मेजरच्या खिशात प्रेयसीचे पत्र असायला हवे, म्हणून कचेरीतली हेस्टर लेगट ही प्रौढ कारकून ते मनाने रचते. पत्रात प्रेमाचे मोठे शब्द जवळजवळ नाहीत. घरातल्या बारीकसारीक गोष्टी आहेत, वाक्य मध्येच सोडून भलत्याच विषयाकडे वळणे आहे, आणि हे रचलेले नसून तिने कधीतरी खरोखर कोणाला तरी लिहिले होते, हे ऐकणाऱ्याला हळूहळू उमगत जाते. गाणारा जॅक मलोन हा पुरुष आहे. तो आवाज चिरका करत नाही, बाईची नक्कल करत नाही. इंग्रजी रंगभूमीवर पुरुषाने बाई होणे हा बहुधा हसवण्याचाच प्रकार असतो, त्यामुळे प्रेक्षक हसायच्या तयारीत बसलेला असतो आणि गाणे त्याला अलगद दुसरीकडे घेऊन जाते. आपल्याकडे बालगंधर्वांची परंपरा असल्याने आपल्याला यात नवल कमी आणि ओळख जास्त वाटते.

त्या दिवशी सासूबाई खोलीत मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही. गाणे अर्ध्यावर आल्यावर त्यांचे हात थांबले आणि त्यांनी विचारले, “बाईचं काम करतोय ना हा? कोण गेलं गं तिचं?” मी उत्तर देणार, इतक्यात गाणे तुटले आणि एका गृहकर्जाची जाहिरात सुरू झाली. ऐकण्याच्या ज्या सेवेवर मी ते लावले होते, तिच्या फुकट खात्यात दर दोन गाण्यांनी जाहिरात येते हे मला ठाऊक होते; पण ती गाण्याच्या मध्येच घुसेल असे वाटले नव्हते. पुन्हा सुरुवातीपासून लावले, तोवर भाजी निवडून झाली होती आणि सासूबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या होत्या.

ध्वनिमुद्रिकेचे दोषही सांगायला हवेत. पाच नट मिळून ऐंशीच्या घरात पात्रे उभी करतात, हा प्रयोगाचा सर्वांत मोठा गमतीचा भाग. टोपी बदलली की माणूस बदलला. तो इथे दिसत नाही, नुसत्या आवाजांवरून कोण बोलते आहे हे पहिल्या दोन वेळा कळतच नाही, आणि गाण्यांमधले संवाद फारसे नसल्याने कथा आधी ठाऊक नसेल तर धागा सुटतो. शब्दांचा वेग काही ठिकाणी इतका, की इंग्रजी शिकवण्यात पस्तीस वर्षे घालवलेल्या मलाही शब्द समोर ठेवून ऐकावे लागले. हेरखात्यात वावरणाऱ्या, पुढे जेम्स बाँडच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या इयन फ्लेमिंगवरचे विनोद एकदा हसवतात, तिसऱ्यांदा नाही. दुसऱ्या अंकाच्या आरंभी नाझी सैनिक आजच्या पोरांच्या बँडसारखे गातात; रंगमंचावर ते अंगावर येत असेल, इथे केवळ गोंगाट होतो. पाणबुडीवरचे खलाशांचे ‘सेल ऑन, बॉइज’ मात्र आपल्या कोळीगीतांसारखे एकामागून एक गळा मिळत वाढत जाते, आणि चांगल्या कर्ण्यांवर ऐकले तर खोलीच हलते आहे असे वाटते.

शेवटच्या ‘अ ग्लिट्झी फिनाले’मध्ये सगळे एकमेकांची पाठ थोपटत असताना, ज्याचा देह वापरला त्या माणसाचे काय, ही आठवण काढली जाते. तो ग्लिंडूर मायकल, वेल्समधला बेघर माणूस, जानेवारी १९४३ मध्ये उंदराच्या विषाने मेलेला. वेल्वाच्या थडग्यावर मेजर मार्टिनच्या नावाखाली त्याचे खरे नाव कोरायला १९९८ साल उजाडले. ‘बॉर्न टू लीड’मध्ये ज्यांच्यावर आपण हसलो, त्यांनी हा माणूस वापरला होता, हे इथे नीट कळते. एवढे कळायला ना लंडनची गल्ली माहीत असावी लागते, ना दादर स्टेशन.

ज्यांना ही ध्वनिमुद्रिका ऐकायची असेल त्यांनी आधी या हेरगिरीची हकीकत थोडक्यात वाचून घ्यावी, पहिल्या बैठकीत फक्त पहिला अंक ऐकावा, आणि ‘डिअर बिल’ पैसे भरलेल्या खात्यावरच लावावे. मी आता भाच्याच्या कुटुंबाच्या खात्यात शिरले आहे, आणि सासूबाईंना ते गाणे एकदा अखंड ऐकवायचे राहिले आहे.