कंपनीने कॅमेऱ्याचा धंदा विकला तरी माझा ऑलिंपस मी विकला नाही

२०१९ ला ओळखीतल्या एका लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडून ऑलिंपस ई-एम१ मार्क २ हा कॅमेरा सेकंडहँड घेतला, सोबत रोजच्या वापराची १२-४० ची लेन्स, आणि मग पैसे साठवून साठवून लांबचं टिपणारी ४०-१५० एफ २.८ घेतली. ती लेन्स घरात नीट रुळलीही नव्हती आणि जून २०२० मध्ये बातमी आली की ऑलिंपस कॅमेऱ्याचा धंदाच विकतेय. १९३६ पासून कॅमेरे बनवणारी कंपनी! घेणारे कोण तर जेआयपी (जपान इंडस्ट्रियल पार्टनर्स) ही गुंतवणूक कंपनी, ज्यांनी आधी सोनीचा वायो लॅपटॉपचा धंदा घेतला होता. पोटात गोळाच आला. लॉकडाऊन सुटल्यावर इथे नाशकात एका दुकानात किट (बॉडी आणि लेन्स) दाखवायला नेलं तर दुकानदार म्हणाला, "ताई, आत्ताच काढून टाका, उद्या कोणी विचारणार नाही." आणि भाव असा सांगितला की त्यात धड मोबाईल आला नसता. किट पिशवीत टाकलं आणि घरी आले.

तेव्हापासून तोच वापरतेय.

सगळ्यात जास्त वापर नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात. चापडगावच्या बाजूला पहाटे थंडीत उभं राहायचं, बोटं गारठलेली असतात, आणि बॉडी ५७४ ग्रॅम नि ४०-१५० लेन्स ट्रायपॉडला लावायच्या कड्यासकट ८८० म्हणजे सगळं मिळून दीड किलोच्या आत, ट्रायपॉड न्यावाच लागत नाही. हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन इतकं भारी आहे की उजेड फुटायच्या आधी बसलेल्या चक्रवाकाचे फोटो कॅमेरा हातात धरूनही शार्प येतात. आणि प्रो कॅप्चर! बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा आधीपासूनच फ्रेम साठवत राहतो, पूर्ण दाबलं की त्याच्या आधीचे क्षणही कार्डवर येतात. एकदा काठाजवळच्या वाळक्या फांदीवर खंड्या बसला होता, मी बटण दाबेपर्यंत तो उडालाही होता, पण घरी येऊन बघितलं तर एका फ्रेममध्ये त्याचे पाय फांदीवरून नुकते सुटलेत आणि फांदी अजून खाली वाकलेली आहे. तो फोटो आईने फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय.

दुसरी जागा म्हणजे नाशकातली रंगपंचमीची रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेला हौद. त्यात कोणी धप्पा मारला, म्हणजे उडी टाकली, की पाणी कुठे उडेल सांगता येत नाही, मागच्या खेपेला अख्खी बॉडी पिवळ्या पाण्याने निथळत होती. केबल लावायच्या जागांची झाकणं घट्ट लावलेली होती, लेन्सही पाणी आत न जाऊ देणारी १२-४०, ओल्या फडक्याने पुसला आणि पुढचा फोटो काढला. व्ह्यूफाइंडरच्या कडेला अजून पिवळट रेघ आहे, मी ती मुद्दाम घासून काढली नाही.

आता घेणाऱ्यांनी हेही ऐका. सेन्सर छोटा आहे, त्यामुळे गोदाघाटावर संध्याकाळी अंधार पडला की आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० च्या वर नेला की फोटोत दाणे दिसतात, मोठ्या सेन्सरच्या फुलफ्रेमवाल्याशी बरोबरी करायला जाऊ नका. पक्षी ओळखून फोकस करणारी सोय यात नाही, उडत्या पक्ष्याला हातानेच पकडावं लागतं. यूएसबीने चार्जही होत नाही. आणि बॅटरी ओरिजिनलच घ्या, मी एक स्वस्तातली डुप्लिकेट घेतली होती ती फुगून आतच अडकली, काढताना रडकुंडीला आले होते.

कॅमेऱ्याच्या धंद्याचं म्हणाल तर १ जानेवारी २०२१ पासून तो ओएम डिजिटल सोल्युशन्स या कंपनीकडे गेला, २०२२ चा ओएम-१ हा ऑलिंपस नाव असलेला शेवटचा, आता कॅमेऱ्यावर ओएम सिस्टम लिहिलेलं असतं. नाव गेलं याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण लेन्स जोडायचा माउंट तोच मायक्रो फोर थर्ड्स, पॅनासॉनिकच्या लेन्सपण बसतात, नवीन बॉडीही आल्यात. पुढे दहा वर्षं टिकेल का हे कोणीच सांगू शकत नाही, म्हणून नवीन महागडी लेन्स घ्यायची असेल तर दुरुस्ती कुठे होईल हे दुकानदाराकडून आधी लिहून घ्या, तोंडी नको.

मी दोन ओरिजिनल बॅटऱ्या जास्तीच्या घेऊन ठेवल्यात. ही बॉडी दमली की सेकंडहँड ओएम-१ बघणार, त्यात या बॅटऱ्या चालत नाहीत पण दोन्ही लेन्स बसतात. तोवर डिसेंबरात परत चापडगाव.