3,499 रुपयांची 'येवला पैठणी': एका ऑनलाइन दुकानाचे परीक्षण

भाचीच्या लग्नासाठी पैठणी घ्यायची होती आणि इंदिरानगरहून येवल्याला जाण्याइतकी सवड नव्हती, म्हणून दिवाळीच्या आधी फोनवर आलेल्या एका जाहिरातीवरून मी ज्या ऑनलाइन दुकानात शिरले, त्याचे हे परीक्षण आहे. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण ते संकेतस्थळ आता उघडतच नाही.

मांडणीला पूर्ण गुण द्यावे लागतील. नारळी काठ, मुनिया काठ, आसावली, मोराचा पदर अशी वर्गवारी नेमकी होती आणि छायाचित्रेही सुरेख होती. ती दुसऱ्याच एका विक्रेत्याच्या पानावरून उचललेली आहेत, हे चित्रावरून शोध घेतल्यावर कळले, पण तो शोध मी पैसे भरल्यानंतर घेतला. मराठी मात्र मधेच अडखळत होते. 'आपली साडी आनंद घ्या' हे वाक्य वाचून मी हसले आणि पुढे गेले. तिथेच थांबायला हवे होते. सवलत संपायला 14 मिनिटे उरली आहेत असे दाखवणारे घड्याळ होते, आणि पान पुन्हा उघडले की ते पुन्हा 14 मिनिटांवर येत होते.

किमतीबद्दल मला सबब नाही. हातमागावर एक पैठणी उतरायला कित्येक आठवडे लागतात, नक्षी भरगच्च असेल तर महिने लागतात, हे नाशिक जिल्ह्यात वाढलेल्या बाईला सांगावे लागू नये. येवल्याच्या मावशीला नंतर फोन केला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अगं, एवढ्यात पदरसुद्धा विणून होत नाही."

मी विसंबले ते संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर. त्या कुलपाचा अर्थ इतकाच, की आपल्या फोनपासून त्या संकेतस्थळापर्यंत जाणारी माहिती वाटेत कोणाला वाचता येत नाही. पलीकडे सचोटीचा व्यापारी बसला आहे की भामटा, याविषयी ते काहीच सांगत नाही. कुलूप दिसण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र कोणालाही फुकट आणि काही मिनिटांत मिळते. लोक या चिन्हाला विश्वासाची खूण समजतात, म्हणूनच गुगलने 2023 मध्ये संगणकावरील क्रोममधून ते काढून टाकले.

पाहायचे होते ते पानाच्या तळाशी. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 नुसार ऑनलाइन विक्रेत्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव दाखवणे बंधनकारक आहे. इथे अधिकाऱ्याचे नाव नव्हते, आणि पत्ता नाशिकच्या मेन रोडचा असताना जीएसटी क्रमांक 07 ने सुरू होत होता. 07 हा दिल्लीचा संकेतांक आहे; महाराष्ट्राचा 27. हा 15 अंकाक्षरी क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की तो कोणाच्या नावावर आहे ते लॉगिन न करताही दिसते. मी टाकला तेव्हा एका हार्डवेअर दुकानाचे नाव आले. 'तीन पिढ्यांची परंपरा' सांगणाऱ्या या दुकानाचा इंटरनेटवरील पत्ता कधी नोंदवला गेला, हेही 'हू-इज' नावाच्या शोधात कळते: मी पैसे भरले त्याच्या 19 दिवस आधी.

पैसे भरण्याची सोय एकच, यूपीआयचा क्यूआर कोड. कार्डाची सोय 'तात्पुरती बंद' होती. पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर खातेदाराचे नाव आले, ते दुकानाचे नसून कोणा एका व्यक्तीचे होते. मी ते वाचले आणि तरीही पिन टाकला.

विक्रीनंतरची सेवा तत्पर होती, हे मान्य करते. पाचव्या दिवशी 'पत्ता अपूर्ण असल्याने पार्सल अडकले आहे, 25 रुपये भरा' असा संदेश आला आणि सोबत एक ॲप उतरवून घेण्याची लिंक होती. ही दुसरी फसवणूक पहिलीपेक्षा धोकादायक, कारण असे ॲप एकदा फोनमध्ये शिरले की बँकेचे ओटीपीही वाचू शकते. साडी येणार नाही, हे मला त्या संदेशाने समजले.

मग 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन केला. तिसऱ्या प्रयत्नात लागला. त्यांनी बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारला. यूपीआयच्या पावतीवरचा तो बारा अंकी क्रमांक हाताशी ठेवूनच फोन करावा, नाहीतर मोलाची मिनिटे तो शोधण्यात जातात. पैसे ज्या खात्यात गेले तिथून ते पुढे हलण्याआधी रोखणे हे या सेवेचे मुख्य काम, आणि मी पाच दिवस वाट पाहिल्याने त्यांच्या हाती फारसे उरले नव्हते. 600 रुपये गोठवले गेल्याचे कळले आहे. ते परत मिळण्याची प्रक्रिया अजून सुरू आहे. या सेवेला पाचपैकी साडेतीन तारे, अर्धा तारा फोन उचलणाऱ्या मुलीने आवाज न चढवता सगळे दोनदा समजावले त्यासाठी.

भाचीची पैठणी अखेर मावशीने माग पाहूनच निवडली. पदर उलटून पाहिला, मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ होती. तीच छायाचित्रे मात्र गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावाच्या दुकानात पुन्हा दिसली, या वेळी 2,999 रुपयांना.