ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसिनो : गिटार गेली कुठे राव?

आर्क्टिक मंकीज या ब्रिटिश रॉक बँडचा हा अल्बम पहिल्यांदा लावला तेव्हा दुसऱ्या गाण्यालाच मी स्क्रीनवर नाव परत बघितलं, म्हटलं चुकून दुसरंच काहीतरी लागलंय का. आधीचा 'एएम' २०१३ चा, त्यातल्या जाडजूड रिफ (गिटारच्या परत परत येणाऱ्या छोट्या धून) डोक्यात पक्क्या बसलेल्या, मग पाच वर्षं वाट बघायला लावून मे २०१८ मध्ये यांनी काय दिलं तर पियानो, आणि बँडचा गायक ॲलेक्स टर्नर रिकाम्या बारमध्ये एकटाच बसून बडबडतोय असं वाटणारी गाणी. अल्बमच्या आधी एक सिंगल, म्हणजे सुटं गाणंसुद्धा सोडलं नव्हतं, त्यामुळे झटका थेट बसला.

झालं असं की टर्नरला तिसाव्या वाढदिवसाला मॅनेजरने पियानो दिला आणि लॉस एंजेलिसच्या घरात त्यावरच त्याने ही गाणी लिहिली. गिटार हातात असली की बोटं आपोआप रिफ शोधतात, पियानोवर मात्र एकेक कॉर्ड बदलत चाल कुठेही भटकू शकते, आणि इथे ती भटकतेच, उड्या मारत ओरडायला कोरस जवळपास नाहीच. विषय तर अजूनच भन्नाट, अपोलो ११ जिथे उतरलं त्या जागेचं नाव घेऊन चंद्रावर हॉटेल काढलंय, तिथे टाको मिळतात आणि त्या टाकोवाल्याला पाचपैकी चार स्टार पडलेत.

मला हा अल्बम पटला तो हेडफोन लावल्यावर. लॅपटॉपच्या स्पीकरवर नुसती कुजबुज वाटत होती, हेडफोनवर निक ओमॅलीची बेस गिटार सापडली आणि सगळं जागेवर बसलं. 'स्टार ट्रीटमेंट' जवळपास सहा मिनिटांचं आहे, टर्नर मनात येईल ते बोलत सुटतो आणि खाली हा माणूस शांतपणे गाणं धरून ठेवतो. खरं तर ओमॅलीचाच अल्बम म्हणायला पाहिजे, पण कौतुक सगळं टर्नरच्या वाट्याला.

मॅट हेल्डर्सचं मात्र वाईट वाटतं. २००६ च्या पहिल्या अल्बममध्ये ड्रम्स फोडून काढणारा गडी इथे पाहुण्यांच्या घरी आल्यासारखा जपून वाजवतो. आणि दुसऱ्या अर्ध्यात 'सायन्स फिक्शन', 'बॅटफोन' हे मला अजूनही वेगवेगळे आठवत नाहीत, सगळा एकच मूड, तोच कंटाळलेला आवाज.

११ गाणी, जेमतेम ४० मिनिटं, त्यामुळे सलगच ऐका. नवीन असाल तर 'फोर आउट ऑफ फाइव्ह'पासून सुरुवात करा, त्यातल्या त्यात जुन्या बँडची ओळख तिथेच पटते. शफलवर तर अजिबात लावू नका, मी लावला होता, पार्टीत 'एएम'च्या दोन गाण्यांमध्ये हा चंद्रावरचा हॉटेलवाला आला आणि नाचणारे सगळे पाणी प्यायला गेले.