घशात काही अडकलं तर: दांडिया बाजारातल्या कान-नाक-घसा रुग्णालयाची रात्रपाळी

वडोदऱ्यात रात्री दहानंतर दुर्बिणीची सोय असलेलं ठिकाण म्हणून हे रुग्णालय उपयोगाचं. पार्किंगच्या नावानं शंखच आहे, रिक्षानं गेलेलं बरं.

सगळ्यात चांगली गोष्ट, एक्स-रे समोरून आणि बाजूनं, दोन्ही घेतात. समोरून नाणं आणि बटन सेल सारखेच गोल दिसतात. सेलला मात्र कडेनं दुहेरी कडं असतं, बाजूच्या फोटोत पायरी दिसते. हा फरक जिवावरचा आहे. २० मिमीचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यातून वीज वाहते, ऋण बाजूला अल्कली तयार होते आणि २ तासांत ऊती जळू लागतात. पुढे अन्ननलिकेला भोक, कधी श्वासनलिकेशी जोड. म्हणून सेलवाल्या मुलाला इथे रांगेत बसवत नाहीत.

घरून निघताना सेल गिळलेल्या एक वर्षावरच्या मुलाला दर १० मिनिटांनी २ चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. गिळून १२ तास उलटले असतील तर नाही. मधासाठी निघायला उशीर मात्र नको. उलटी करवू नये.

माशाचा काटा बहुधा टॉन्सिलात किंवा जिभेच्या मुळाशी रुततो. त्यावर भाताचा गोळा गिळायची घरगुती हौस काटा खोल घालवते. साध्या फोटोत काटा नेहमी दिसत नाही, गरज पडली तर सीटी स्कॅन करतात.

उणीव एकच: घरी सोडताना कागदावर काही लिहून देत नाहीत. ताप, छातीत दुखणं, मानेला सूज किंवा दाबल्यावर कुरकुर लागली तर लगेच परत यायचं, हे विचारून घ्यावं लागतं.